परग्रहावरचा जावई

दमयंतीच्या स्वयंवराची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. विदर्भाची ही राजकन्या मनानं नलाला वरून बसली होती. पण तिच्याशी लग्न करायला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम असे चार देवही निघाले. वाटेत त्यांना नल भेटला, तर त्यांनी त्यालाच आपला निरोप्या करून तिच्याकडे धाडलं. बिचारा नल आपल्याच प्रेयसीपुढे उभा राहून सांगतो, की बाई, या चौघांपैकी एकाला वर. ती ऐकत नाही. मग देव नलाचं रूप घेऊन मंडपात बसतात आणि दमयंतीसमोर एकाच्या जागी पाच नल उभे राहतात.

दमयंती हुशार. देवांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांना घाम येत नाही, गळ्यातले हार कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत, हे तिच्या लक्षात येतं. मग घामेजलेला, धुळीनं माखलेला, हार सुकलेला जो एक होता, त्याच्या गळ्यात ती माळ घालते.

हीच गोष्ट आज कुणी इंग्रजीत नव्यानं लिहिली, तर अमेरिकेतला दुकानदार ती न चुकता ‘सायन्स फिक्शन रोमान्स’च्या कपाटात, त्यातही विनोदी खणात ठेवील. दुसऱ्या लोकातून आलेले वर आहेत, रूप बदलण्याची विद्या आहे, फजिती आहे, आणि शेवटी लग्न आहे. निळ्या कातडीच्या, शिंगं असलेल्या नायकांची ती मुखपृष्ठं पाहून तुम्ही हसून पुढे गेला असाल. जरा थांबा. या हसऱ्या पुस्तकांना शंभरावर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात एक प्रश्न सतत मागं लागलेला दिसतो. परक्याशी लग्न करायचं तर माळ कुणाच्या हातात असते, आणि त्याची किंमत कोण मोजतं? सरकारी कागदांवर स्वतःच्या नावापुढे ‘एलियन’ हा शब्द पाहिलेल्या आपल्यासारख्यांना तो प्रश्न फार लांबचा वाटू नये.

या इतिहासाचा एक धागा थेट पुण्यातून जातो. एडविन अर्नोल्ड हा इंग्रज कवी 1857च्या सुमारास पुण्याच्या सरकारी संस्कृत कॉलेजचा, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजचा, प्राचार्य होऊन आला आणि 1861मध्ये मायदेशी परतला. ‘द लाइट ऑफ एशिया’ लिहिणारा आणि गीतेचं इंग्रजी भाषांतर करणारा तोच हा. महाभारतातल्या ज्या कथा त्यानं इंग्रजीत नेल्या, त्यांत नल-दमयंतीचीही होती. त्याचा मुलगा एडविन लेस्टर अर्नोल्ड 1857 साली जन्मला आणि त्याच्या लहानपणाची काही वर्षं भारतात गेली. या मुलानं 1905मध्ये ‘लेफ्टनंट गलिव्हर जोन्स : हिज व्हेकेशन’ नावाची कादंबरी लिहिली.

नावातच सुट्टी आहे. अमेरिकी नौदलातला हा लेफ्टनंट न्यूयॉर्कमध्ये वैतागून, इथं राहण्यापेक्षा मंगळावर गेलेलं बरं, असं म्हणतो. पायाखालचा गालिचा ते शब्दशः घेतो आणि त्याला गुंडाळून मंगळावर नेऊन टाकतो. यान नाही, इंधन नाही, अरबी सुरस गोष्टीतला साधा गालिचा! मंगळावरची माणसं देखणी, गोड आणि कमालीची आळशी. तिथली लग्नं वर्षातून एकदा चिठ्ठ्या काढून ठरतात आणि त्यात राजकन्या हेरू आपल्या लेफ्टनंटच्या वाट्याला येते. मग शेजारच्या रांगड्या राजाची माणसं तिला खंडणी म्हणून उचलून नेतात आणि तो तिला सोडवायला निघतो. शेवटी मात्र हा वीर एकटाच न्यूयॉर्कला परततो, जिथं त्याची पॉली वाट पाहत असते.

पुस्तक चाललं नाही. 1964मध्ये ते अमेरिकेत नव्यानं छापलं गेलं, तेव्हा रिचर्ड लुपॉफ या अभ्यासकानं असं मांडलं, की एडगर राइस बरोजच्या मंगळाचं मूळ इथं आहे. बरोजनं ते खरंच वाचलं होतं का, यावर आजही वाद आहे. आपल्यासाठी महत्त्वाचं इतकंच, की या सुट्टीत हेरूला कुणी काहीच विचारत नाही. चिठ्ठी तिला एकाला देते, खंडणी दुसऱ्याला, आणि गालिच्यावर तिला जागा नसते.

बरोजची गोष्ट 1912मध्ये ‘ऑल-स्टोरी’ मासिकात क्रमशः आली. पेन्सिलींना टोक काढायची यंत्रं विकून पोट न भरलेल्या या माणसाला तिचे 400 डॉलर मिळाले. असलं काही लिहिलं तर लोक वेड्यात काढतील, म्हणून त्यानं ‘नॉर्मल बीन’ असं टोपणनाव दिलं होतं. म्हणजे डोकं ठिकाणावर असलेला. छापताना ते कुणीतरी ‘नॉर्मन’ करून टाकलं आणि विनोदच गेला. पुढे हीच गोष्ट ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ म्हणून पुस्तकरूपात आली.

बरोज विनोदी लेखक नव्हता, पण या प्रकारातल्या विनोदाची सामग्री त्याच्याकडे आयती सापडते. मंगळावर वजन कमी, त्यामुळे जॉन कार्टर पहिलं पाऊल टाकायला जातो आणि उंच उडून तोंडावर आपटतो. राजकन्या देजा थोरिसला प्रेमानं ‘माझी राजकन्या’ म्हणतो, तर ती संतापून बोलणंच सोडते. कारण तिथल्या रीतीनुसार हा शब्द वापरला की पुढे लग्नाची मागणी घालावीच लागते, आणि याला त्याचा पत्ताच नाही. परदेशात पहिल्या वर्षी कुणाशी तरी आपुलकीनं बोलून तुमचाही असा घोटाळा झाला असेल. शेवटी लग्न होतं आणि देजा थोरिस चक्क अंडं घालते. राजवाड्याच्या गच्चीवर ते उबवायला ठेवलेलं असतं. ना बाळंतपण, ना डिंकाचे लाडू. आईबाप गच्चीवर जाऊन अंड्याकडे कौतुकानं बघतात.

आता कादंबरीतून क्षणभर बाहेर येऊ आणि त्याच काळातला अमेरिकेचा कायदा पाहू. 1855पासून असा नियम होता, की परदेशी स्त्रीनं अमेरिकी नागरिकाशी लग्न केलं की ती आपोआप नागरिक होते. अट एकच, ती नागरिकत्वाला पात्र वंशाची हवी, म्हणजे गोरी किंवा 1870नंतर आफ्रिकी वंशाची. देजा थोरिसचा वर्ण तांब्यासारखा. ती नवऱ्याबरोबर न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरली असती, तर अंड्यापेक्षा तिच्या कातडीचीच चौकशी जास्त झाली असती.

उलट बाजूनं काय होतं? 1907मध्ये कायदा झाला, की अमेरिकी स्त्रीनं परदेशी पुरुषाशी लग्न केलं तर तिचं नागरिकत्व जाईल. पुरुष परकी बायको आणी तेव्हा ती त्याची होई. स्त्री परका नवरा निवडी तेव्हा तीच परकी होई. 1922च्या केबल कायद्यानं यात सुधारणा झाली, पण नवरा नागरिकत्वाला अपात्र वंशाचा असेल तर जुनाच दंड राहिला. पुढच्याच वर्षी, 1923मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं, की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही. दोन्हींचा हिशोब जुळवला की हिंदी माणसाशी लग्न करणारी अमेरिकी स्त्री स्वतःच्या देशात एलियन ठरली. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्याशी 1924मध्ये लग्न केलेल्या मेरी यांच्यावर हीच वेळ आली. हा दंड 1931मध्ये रद्द झाला. तोवर मंगळावरच्या राजकन्या आणणारे नायक डझनांनी छापले गेले होते. परग्रहावरचा जावई घरी आणणारी नायिका मात्र त्या गर्दीत शोधावी लागते.

नंतरच्या दोन दशकांत मासिकांच्या मुखपृष्ठांवर एक ठरलेलं चित्र असे. सोंडा आणि बटबटीत डोळे असलेला राक्षस, त्याच्या विळख्यात किंचाळणारी तोकड्या कपड्यांतली तरुणी, आणि बंदूक रोखलेला नायक. ऑक्टोपससारख्या प्राण्याला माणसाच्या मुलीचं काय आकर्षण असणार, हा साधा प्रश्न बहुतेक संपादकांना पडत नसावा. फ्रेडरिक ब्राऊनला तो पडला. त्याच्या ‘व्हॉट मॅड युनिव्हर्स’मध्ये (1949) असल्या मासिकाचा संपादकच एका चाहत्याच्या कल्पनेतल्या विश्वात जाऊन पडतो. तिथं जांभळे, केसाळ चंद्रवासी पर्यटकांसारखे रस्त्यानं हिंडतात, अंतराळात काम करणाऱ्या मुलींचा गणवेश मुखपृष्ठाबरहुकूम तोकडा असतो, आणि याची आवडती मुलगी भलत्याच महानायकाची वाग्दत्त वधू असते. आपल्याच चित्रात अडकलेला हा संपादक पाहून वाचक पहिल्यांदा त्या चित्राला हसले.

बाईच्या बाजूनं हसायला मात्र 1967 उजाडलं. अ‍ॅन मॅकॅफ्रीची पहिली कादंबरी ‘रिस्टोरी’ त्या वर्षी आली. विज्ञानकथांतल्या किंचाळणाऱ्या नायिकांचा कंटाळा येऊन ती थट्टेनं लिहिली, असं तिनं पुढे सांगितलं. न्यूयॉर्कमधल्या सारा या साध्या मुलीला परग्रहावरचे प्राणी पळवतात. ती शुद्धीवर येते ती तिसऱ्याच ग्रहावर, वेड्यांच्या इस्पितळात, एका रुग्णाची सेवा करताना. कातडी नवी सोनेरी, आणि जन्मभर जिच्यापायी ती खट्टू होती ती लांब नाक गायब! रुग्ण म्हणजे त्या ग्रहाचा कारभारी. त्याला अन्नातून औषध देऊन वेडा ठरवलेलं असतं. सारा ते ओळखते आणि त्याला तिथून बाहेर काढते. माळ इथं खऱ्या अर्थानं तिच्या हातात येते. मॅकॅफ्रीला पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका कथेसाठी ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि कथेसाठी तो मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली.

1980च्या दशकात प्रेमकथांच्या प्रकाशकांनी हे दालन उघडलं. जेन अ‍ॅन क्रेंट्झची ‘स्वीट स्टारफायर’ 1986ची. जोहाना लिंडसेची ‘वॉरियर्स वुमन’ 1990ची. लिंडसेची नायिका सुरक्षा दलातली कसलेली लढवय्यी, नायक रांगडा योद्धा, आणि दोघांमध्ये मार्था नावाची संगणक. ही मार्था म्हणजे लग्नघरातली करवली. टोमणे मारते, नको तिथं सल्ला देते, जुळवून आणते आणि नामानिराळी राहते. पुढे अमेरिकी हवाई दलात वैमानिक राहिलेल्या सुझन ग्रँटनं 2006मध्ये ‘युअर प्लॅनेट ऑर माइन?’ लिहिली. तिची नायिका कॅलिफोर्नियाच्या राजकारणातली. परग्रहावरचा प्रियकर दारात आल्यावर पृथ्वी वाचवायची, की वर्तमानपत्रांपासून अब्रू वाचवायची, अशी तिची दुहेरी पंचाईत होते.

2007मध्ये किंडल आलं. लोकलमध्ये कुणाला मुखपृष्ठ दिसायचं भय संपलं, आणि लेखकांना प्रकाशकाची गरज उरली नाही. रूबी डिक्सननं 2015मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलेली ‘आइस प्लॅनेट बार्बेरियन्स’ ही या वाटेनं आली. 2021मध्ये टिकटॉकवर वाचकांनी ती उचलून धरली आणि त्याच वर्षी बर्कली या मोठ्या प्रकाशनानं ती छापली. पुस्तक चावट आहे, हे आधीच सांगतो. पळवलेल्या काही मुली बर्फाच्या ग्रहावर अडकतात. तिथले निळे, शिंगं-शेपटीवाले रहिवासी मनानं चांगले, पण चुंबन म्हणजे काय हेसुद्धा त्यांना ठाऊक नसतं. तिथं जगायचं तर छातीत ‘खुई’ नावाचा एक जीव घालून घ्यावा लागतो, आणि योग्य जोडीदार समोर आला की तो जीव आपोआप गुणगुणू लागतो. ही सरळसरळ पत्रिकाच आहे. छत्तीसपैकी छत्तीस गुण, आणि भटजी छातीतच!

मग माळ पुन्हा हातातून निसटली का? काही अंशी हो. परतीची वाट नसताना, जिवंत राहण्यासाठी स्वीकारलेलं नातं कितपत स्वखुशीचं, हा प्रश्न या पुस्तकावर रास्तपणे विचारला जातो. पण डिक्सनच्या नायिका ती अडचण विनोदानं बोलून दाखवतात, हुज्जत घालतात आणि आपल्या अटी मांडतात. योगायोगानं त्याच 2015च्या मे महिन्यात एच-4 व्हिसावरच्या काही जोडीदारांना अमेरिकेत काम करायची परवानगी मिळू लागली. तोवर आपल्यातल्या कितीतरी जणी मिनेसोटाच्या बर्फात डिग्र्या पेटीत ठेवून बसल्या होत्या. त्यांनी नवरा स्वतः पसंत केला होता, पण ग्रहाचे नियम त्यांना कुणी विचारून केले नव्हते. ‘खुई’च्या विनोदावर त्या इतरांपेक्षा थोड्या वेगळ्या हसतील.

वाचायचं मनात आलं, तर अर्नोल्ड आणि बरोज कॉपीराइटमधून मोकळे झाले आहेत, फुकट मिळतात. आधी गलिव्हर जोन्सची सुट्टी वाचा आणि लगोलग ‘रिस्टोरी’. हेरूला गालिच्यावर जागा का मिळाली नाही, आणि सारानं ती कशी मिळवली, हे शेजारी शेजारी ठेवून पाहा. आणि पुढच्या भारतवारीत नल-दमयंतीची गोष्ट मुलांना सांगाल, तेव्हा घामाचा आणि धुळीचा भाग गाळू नका.