पृथ्वीच्या आरपार बोगदा

१. पृथ्वीच्या आरपार बोगदा : असा बोगदा केंद्रातून काढल्यास तो सुमारे १२,७४२ किलोमीटर लांब होईल. माणसाने खणलेले सर्वांत खोल उभे छिद्र रशियाच्या कोला द्वीपकल्पावर आहे. तेथे १९७० साली काम सुरू झाले आणि १९८९ साली १२,२६२ मीटर खोली गाठली गेली. म्हणजे एकूण अंतराचा जेमतेम हजारावा भाग. छिद्राची रुंदी वीतभरच होती. खालचे पाते फिरवण्यासाठी नळातून दाबाने चिखल सोडत. १९८४ साली सुमारे ५ किलोमीटर नळ तुटून आतच राहिला. मग ७ किलोमीटर खोलीपासून पुन्हा खणावे लागले. तळाशी १०० अंश सेल्सियस तापमान अपेक्षित असताना ते १८० अंश निघाले. एवढ्या उष्णतेत व दाबात खडक मऊ पडून छिद्र बुजू लागे, त्यामुळे १९९२ साली खोदाई थांबली. केंद्राशी तापमान ५,००० अंशांच्या वर आणि दाब वातावरणाच्या सुमारे ३६ लाख पट आहे. तो पेलणारे अस्तर कोणत्याही ज्ञात पदार्थाचे होऊ शकत नाही. तरीही कोलाच्या खोदाईने भूगर्भाविषयीचे अनेक अंदाज प्रत्यक्ष तपासता आले, हे तिचे मोठे यश होय. — संपादक