तिसऱ्या आकड्याची कहाणी

'गिंप'चा जन्म क्रॅशमधून झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस रात्र जागून कंपायलरचा प्रकल्प उरकत होते. पहाटे त्यासाठी वापरलेल्या लिस्प भाषेला हवी असलेली १७ एमबी मेमरी मिळेना आणि सगळा डोलारा कोसळला. वैतागून दोघांनी सी भाषेत चित्रं हाताळणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला.

१९९६च्या सुरुवातीला त्याची ०.५४ ही आवृत्ती लोकांच्या हाती आली. तिच्यात प्रत्येक प्लग-इन स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून चाले; एखादा फिल्टर कोलमडला तरी समोरचं चित्र शाबूत. हे शहाणपण पोळलेल्या माणसांनाच सुचतं! लॅरी युइंगने लिनक्सचा पेंग्विन त्याच वर्षी याच आवृत्तीत रंगवला. अडचण एकच होती. खिडक्या-बटणांसाठी वापरलेलं मोटिफ हे टूलकिट फुकटचं नव्हतं. मॅटिसने मग स्वतःचंच लिहिलं, ते जीटीके.

१९९७ मध्ये दोघं शिकून बाहेर पडले. १.० पुरी केली स्वयंसेवकांनी, जून १९९८ मध्ये.

नवी आवृत्ती आली की गाजावाजा होतो तो पहिल्या दोन आकड्यांचा. रोजच्या वापरातली दुखणी निस्तरतो तिसरा आकडा. पूर्वी त्याच्या वाट्याला फक्त दुरुस्त्या येत. एप्रिल २०१८च्या २.१० पासून ही शिस्त सैल झाली आणि महिन्याभरात आलेल्या २.१०.२ मध्ये दुरुस्त्यांसोबत हीफ फायली उघडायची सोयही मिळाली. आयफोन फोटो साठवतो तो हाच प्रकार.

या तिसऱ्या आकड्यांच्या रांगेत जाहीर झालेली २.१०.१६ मात्र सापडणार नाही. आकडा देऊन झाला होता, पण घोषणेआधीच एक गंभीर बग हाती लागला. मंडळींनी ती गुपचूप बाजूला ठेवली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये थेट २.१०.१८ जाहीर केली.

२.१० नंतर पुढच्या मोठ्या आकड्याला मात्र सात वर्षं लागली. जीटीके तोवर केव्हाच गिंपच्या हाताबाहेर गेलं होतं: गनोम डेस्कटॉप त्यावर उभा राहिला आणि २०२० मध्ये त्याची चौथी आवृत्तीही निघाली. ज्याच्यासाठी ते जन्मलं, तो गिंप अजून दुसरीतच! १६ मार्च २०२५ रोजी ३.० आली तेव्हा कुठे तो तिसरीत गेला. बरोबर आठवड्याने तिच्या बगांची दुरुस्ती घेऊन ३.०.२ हजर झाली, २३ मार्चला.