कागदावरची झाडाची खूण

मुलांच्या वहीवर पुष्कळदा झाडाची लहानशी आकृती असते. ती कोठून आली?

पर्यावरण जपणाऱ्या मालाला सरकारी खूण देण्याची प्रथा १९७८ साली पश्चिम जर्मनीने ‘निळा देवदूत’ काढून सुरू केली. आपल्या सरकारने १९९१ साली मातीच्या घड्याची ‘इकोमार्क’ खूण काढली. तिचे नियम २०२४ साली नव्याने झाले.

१९९२ च्या रिओ परिषदेत मात्र जंगलांविषयी बंधनकारक करार होऊ शकला नाही. तेव्हा पर्यावरणवादी, लाकडाचे व्यापारी व आदिवासींचे प्रतिनिधी १९९३ साली कॅनडात टोरांटो येथे जमले आणि त्यांनी ‘फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल’ स्थापिली. झाडाची खूण तिचीच.

परंतु खुणेखालचा शब्दही वाचावा. ‘१०० टक्के’ म्हणजे सारे लाकूड प्रमाणित जंगलातले. ‘रीसायकल्ड’ म्हणजे सारा माल पुनर्वापराचा. ‘मिक्स’ म्हणजे सरमिसळ. तीत प्रमाणित नसलेल्या जंगलातले, पण बेकायदा तोडीचे नाही ना हे तपासलेले लाकूडही चालते.

सोने घेताना आपण कस पाहतो. पुढच्या स्मरणिकेचा कागद घेतानाही हा एक शब्द पाहून घेऊ या.