बार्शीची शिरगणती

१९४१ साली परळला टाटा रुग्णालय उघडले, आणि पुढे १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबई शहरातील कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्यास आरंभ केला, तेव्हा कोणत्या वयात कोणत्या अवयवास हा रोग अधिक ग्रासतो, याचा ताळेबंद या देशात प्रथमच कागदावर उतरू लागला. शहरातील रोगी कधी ना कधी रुग्णालयाची पायरी चढतोच, त्यामुळे तेथील दप्तरे चाळली की नोंदकाराचे काम बव्हंशी भागते. खेड्यात मात्र चाळावयास दप्तरच नसते.

म्हणून १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील परांडा व भूम या तालुक्यांत ग्रामीण नोंदणी सुरू झाली, तेव्हा नोंदकारांनाच गावोगाव हिंडावे लागले. चारचौघांत बसून रोगाची लक्षणे समजावून सांगावीत, अशी कोणाला आहेत काय ते विचारावे, आणि आढळलेल्यास तपासणीसाठी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाची वाट दाखवावी, असा त्यांचा शिरस्ता होता. अंगावरून जात असताही लाजेपोटी दुखणे अंगावरच काढणाऱ्या बायकांना कोणी तरी हे विचारीत आहे, यातच निम्मे औषध होते. कारण काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे त्याच नोंदवहीत दिसून आले. मोजणाऱ्याने मोजण्याच्या वस्तूस धक्का लावू नये, असे गणितशास्त्राचे कर्मठ उपासक म्हणतील; म्हणोत बापडे.

याच मशागतीवर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा प्रयोग उभा राहिला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची गावे ५२ समूहांत विभागून, काहींत एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पेशींची, काहींत अ‍ॅसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि उरलेल्यांत नेहमीचीच व्यवस्था, अशी वाटणी झाली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: एकदाच केलेल्या विषाणू-चाचणीने या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले होते, इतर दोन पद्धतींनी मात्र लक्षणीय घट दिसली नव्हती. चाचणीच्या गटात ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. पेशी-तपासणीचा उपयोग पाश्चात्त्य देशांत केव्हाच प्रत्ययास आलेला असताना त्या चौथ्या गटास तुलनेपुरते तपासणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, असा वाद पुढे वैद्यकवर्तुळात झाला, आणि तो व्हावयासच हवा होता.