इंजिन तापवण्याची कुळकथा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दट्ट्याने इतकी दाबली जाते की ती पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. थंडीत हे गणित बिघडते. गारठलेले बीड हवेतली उष्णता शोषून घेते, ऑइल घट्ट होऊन इंजिन जड फिरते आणि बॅटरीचा जोरही नेमका तेव्हाच ओसरतो. म्हणून सुरू करण्याआधी इंजिनाला बाहेरून ऊब देण्याची रीत पडली.

तिची मुळे डिझेल इंजिनाच्याही आधीची आहेत. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज तंत्रज्ञाच्या पेटंटावरून ग्रँटमच्या हॉर्न्सबी कंपनीने १८९२ पासून विकलेल्या तेल-इंजिनाच्या डोक्याशी बिडाचा पोकळ फुगा असे. दिव्याच्या ज्योतीने तो आधी काही मिनिटे तापवावा लागे. मगच चाक फिरवल्यावर इंजिन धरत असे. ऋतू कोणताही असो, हा सोपस्कार चुकत नसे.

निव्वळ थंडीवरचा उतारा म्हणून इंजिन तापवणे मात्र बर्फाच्या मुलखात वाढले. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या हिवाळ्यात गाड्यांखाली चक्क जाळ केला जाई. जर्मनांनी त्याहून शहाणी युक्ती काढली: चालू रणगाड्यातले गरम पाणी नळ्यांवाटे शेजारच्या गारठलेल्या रणगाड्यात खेळवायचे. नागरी वापराची सोय अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी केली. इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट काढून त्या जागी विजेवर तापणारा दांडा बसवायचा, ही त्यांची कल्पना. तिचे पेटंट ८ नोव्हेंबर १९४९ चे. पुढे हीटर इंजिनाच्या ब्लॉकमधल्या पाण्यातच बसवला जाऊ लागला; तोच ब्लॉक हीटर. कॅनडातल्या एडमंटन किंवा विनिपेगला स्थायिक झालेल्या मराठी घरांत मोटारीच्या जाळीतून लोंबणारी वायर हिवाळ्यात रात्री भिंतीतल्या प्लगला जोडणे हे रोजचेच काम आहे.

आपल्याकडे नगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगरात) पारा डिसेंबर-जानेवारीत दहा अंशांखाली उतरतो. महाराष्ट्राच्या मानाने ही थंडी कडक, पण ब्लॉक हीटर लागावा इतकी नव्हे. इथे त्याचा धाकटा भाऊ नांदला, तो म्हणजे हीटर प्लग. प्यूजोच्या परवान्यावरचे इंजिन असलेल्या महिंद्राच्या जीप आणि मर्सिडीज घराण्याचे इंजिन असलेल्या बजाज टेम्पोच्या ट्रॅक्स यांत डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटते. त्या कप्प्यात प्लगचे टोक लालबुंद होते. डॅशबोर्डवरचा कॉइलच्या आकाराचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचे आणि मगच सेल मारायचा, हा वडाप (शेअर जीप) चालवणाऱ्यांचा पहाटेचा पाठ. घाई करून नुसते सेल मारत राहिले की बॅटरी बसते आणि गाडी धक्क्यावर येते. म्हणून अनेक चालक रात्रीच गाडी उतारावर लावून ठेवत. काही जण पेटता बोळा हवेच्या नळीशी धरत. इंजिन धरे, पण काजळी आत जाई आणि आगीची भीती असे. ही रीत सोडून दिलेलीच बरी.

खऱ्या अर्थाने इंजिन तापवण्याची विद्या नगरात आली ती लष्कराबरोबर. रणगाडा दळाचे प्रशिक्षण केंद्र, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, १९४८ पासून इथे आहे.  या दळाच्या टी-७२ रणगाड्यात ७८० अश्वशक्तीचे, बारा सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे आणि त्याला स्वतःचा हीटर आहे. तो विजेवर नव्हे, टाकीतल्याच डिझेलवर पेटतो. त्याच्या आचेवर तापलेले पाणी पंपाने इंजिनाच्या अंगात खेळवतात, ऑइललाही ऊब देतात आणि मगच इंजिन सुरू करतात. भिंतीतला प्लग कुठून आणायचा, हा प्रश्नच उरत नाही. रणभूमीसाठी याहून नेमकी सोय दुसरी नाही.

नगरच्या हवेत या हीटरचे काम क्वचितच पडते. पूर्व लडाखमध्ये मात्र हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत जातो, तेव्हा त्याच्यावाचून चालत नाही. तिथे रात्रीतून ठरावीक वेळाने इंजिने चालू करून ती गार पडू न देण्याचीही पद्धत आहे. इंधनाची अडचण वेगळीच: कडाक्याच्या थंडीत साधे डिझेल मेणासारखे साकळते आणि फिल्टर तुंबतो. त्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखला उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल पुरवायला सुरुवात केली.