आरएलवरच्या बंदीची कुळकथा

शुगरच्या पेशंटला आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेटचं सलाईन, लावायचं नाही. ऑपरेशन थिएटरातला हा नियम भिंतीवर लिहिलेला नसतो, तरी सगळ्यांना पाठ असतो. सिनियर ज्युनियरला बजावतो, सिस्टर नव्या मुलीला हळूच सांगते, आणि आरएलची बाटली बाजूला सारून एनएसची, म्हणजे नॉर्मल सलाईनची, लटकवली जाते. का, असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: ‘शुगर वाढते ना!’ हे उत्तर आलं कुठून, याचा माग काढला की गाडी थेट कॉलऱ्याच्या साथीपर्यंत जाऊन थांबते.

जामसांवलीच्या लोकांना हा नियम नागपुरात गेल्यावर भेटतो. सौंसर तालुक्यातलं हे गाव, आता पांढुर्णा जिल्ह्यात. इथला हनुमान निजलेला आहे, आणि त्याच्या नाभीतून येणारं पाणी आजाऱ्याला गुण देतं अशी श्रद्धा. ऑपरेशनची तारीख मिळाली की या भागातले कितीतरी जण आधी इथे माथा टेकतात, मग नागपूरच्या मेडिकल नाहीतर मेयो रुग्णालयाचा रस्ता धरतात. (तीर्थाचं साधं पाणी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. पेढ्याला मात्र निदान सहा तासांची सुट्टी द्यावी लागते, हे भूलतज्ज्ञाला आणि भाविकाला दोघांनाही ठाऊक असलेलं बरं.) खरी पंचाईत ऑपरेशनआधीच्या त्या उपासातच आहे. मधुमेह्याला आधीच इन्सुलिनचा तुटवडा, त्यात चिरफाडीच्या ताणाने अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल उसळतात. पोटात घास नसताना साखर वर चढते. इन्सुलिन फारच कमी पडलं तर शरीर चरबी जाळायला घेतं आणि रक्तात कीटोनचं आम्ल साठतं. अशा माणसाच्या शिरेत कोणतं पाणी सोडायचं, हा प्रश्न म्हणून साधा नाही.

शिरेतून पाणी देण्याची कल्पना कॉलऱ्याने सुचवली. 1831 साली विल्यम ओशॉनेसी या बावीस वर्षांच्या डॉक्टरने इंग्लंडमध्ये कॉलऱ्याच्या रोग्यांचं रक्त तपासलं. त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत, ते परत भरायला हवेत, असं त्याने लिहिलं. (हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या लाइनी टाकणारा म्हणून जास्त गाजला.) ते वाचून स्कॉटलंडमधल्या लीथच्या थॉमस लाटाने 1832 साली एका म्हातारीच्या शिरेत क्षारांचं पाणी सोडलं. अर्ध्या तासात सहा पिंट, म्हणजे तीन लिटरच्या वर. बुडालेली नाडी परत लागली, बाई बोलू लागली. लाटा तिला दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करून गेला. जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा कुणी भरलं नाही, आणि काही तासांत ती गेली. एकदा भरून भागत नाही, गळती चालू आहे तोवर भरत राहावं लागतं, ही गोष्ट तिच्या जिवावर कळली.

पुढची पायरी लंडनमध्ये सिडनी रिंगरची. बेडकाचं हृदय क्षारांच्या पाण्यात चालतं ठेवण्याचे त्याचे प्रयोग 1882 च्या सुमाराला चालू होते. हृदय झकास चालत होतं. नंतर लक्षात आलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केलं गेलंय. शुद्ध पाण्यात केलं तर हृदय थंडावायचं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम सगळी कामगिरी बजावत होतं! रिंगरच्या या द्रावणात 1932 साली अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या अलेक्सिस हार्टमनने सोडियम लॅक्टेट मिसळलं. आजारी लहान मुलांच्या रक्तात आम्ल वाढलेलं असायचं. लॅक्टेटचं यकृतात बायकार्बोनेट होतं आणि आम्ल उतरतं, हा त्याचा हिशोब. तेच आपलं रिंगर लॅक्टेट, बाटलीवर ‘कंपाउंड सोडियम लॅक्टेट’ असं छापलेलं.

बंदीचा जन्म मात्र 1978 सालचा. थॉमस आणि आल्बर्टी या दोघांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ अ‍ॅनेस्थेशिया’त लिहिलं की मधुमेह्यांना ऑपरेशनात हार्टमनचं द्रावण दिलं तर साखर वाढते. तर्क चुकीचा नव्हता. यकृत लॅक्टेटपासून ग्लुकोजही बनवतं, आणि मधुमेह्याच्या यकृताला त्याची जरा जास्तच हौस. अभ्यास लहान होता, पण वाक्यही लहान असल्याने ते पुस्तकांत गेलं, परीक्षेत गेलं, थिएटरात रुजलं.

आता आकडे मांडून पाहा. एक लिटर आरएलमध्ये 28-29 मिलिमोल लॅक्टेट असतं. दोन लॅक्टेट मिळून एक ग्लुकोज होतो. झाडून सगळ्याचा ग्लुकोज झाला असं धरलं, तरी साडेचौदा मिलिमोल, म्हणजे 2.6 ग्रॅम. अर्ध्या लिटरच्या बाटलीत सव्वा ग्रॅमच्या आसपास, पाव चमचा साखर समजा. लिटरभर एका दमात दिलं तरी रक्तातली साखर दर डेसिलिटरला 18-20 मिलिग्रॅमच्या वर चढायला वाव नाही. चिरफाडीच्या ताणाने ती याहून कितीतरी जास्त चढते. म्हणजे खापर चुकीच्या बाटलीवर फुटलं, असं माझं मत.

बरं, जिच्यासाठी आरएल हटवलं ती एनएस तरी सोवळी आहे का? ‘नॉर्मल’ सलाईनमध्ये सोडियम आणि क्लोराइड दोन्ही लिटरला 154 मिलिमोल. आपल्या रक्तात क्लोराइड शंभराच्या आसपास. बाटल्यांवर बाटल्या गेल्या की क्लोराइड साठतं, बायकार्बोनेट घटतं, रक्त आम्लाकडे झुकतं. शुगरच्या पेशंटमध्ये हे आम्ल कीटोनचं की आपणच चढवलेल्या मिठाचं, हे ओळखताना घाम फुटतो. 2018 साली अमेरिकेत अतिदक्षता विभागातल्या पंधरा हजारांहून जास्त रुग्णांवर तुलना झाली, त्यात आरएलसारखी द्रावणं मूत्रपिंडांना थोडी सोयीची ठरली. नंतरच्या ब्राझील आणि ऑस्ट्रेलियाच्या चाचण्यांत मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. पण मधुमेह्यांना आरएल वाईट, असं त्यांतूनही निघालेलं नाही. जिथे बंदी जन्मली त्या ब्रिटनने तर 2011 च्या मार्गदर्शनात इन्सुलिनची ड्रिप न लागणाऱ्या मधुमेह्यांसाठी एनएसपेक्षा हार्टमनलाच पसंती दिली.

नातेवाइकांचा जीव मात्र वेगळ्याच बाटलीवर अडकतो. वॉर्डात बाटलीवर ‘डेक्स्ट्रोज’ वाचलं की मुलगा धावत काउंटरवर येतो: ‘सिस्टर, बाबांना शुगर आहे नं, मग हे ग्लुकोज काहून लावलं?’ त्याची धास्ती फुकाची नाही. अर्ध्या लिटर डीफाईव्हमध्ये, म्हणजे पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, 25 ग्रॅम ग्लुकोज असतो, तेवढ्याच आरएलमधल्या पाव चमच्याच्या वीसपट. तरीही इन्सुलिन चालू असलेल्या उपाशी माणसाला तो द्यावा लागतो. नाहीतर साखर धाडकन खाली येते किंवा कीटोन चढतात.

आल्बर्टीनेच 1979 साली यावर तोडगा काढला: दहा टक्क्यांच्या अर्ध्या लिटर ग्लुकोजमध्ये इन्सुलिन आणि पोटॅशियम कालवून ताशी शंभर मिली सोडायचं. पोटॅशियम अशासाठी, की इन्सुलिन त्याला पेशींत ओढून नेतं आणि रक्तात ते कमी पडतं. या कालवणात गोम एकच. साखर हलली की प्रमाण बदलायला अख्खी बाटली टाकून नवी बनवायची. म्हणून मोठ्या दवाखान्यांत इन्सुलिन सिरिंज पंपातून वेगळं जातं आणि पाणी वेगळ्या नळीने. जिथे पंप नाही तिथे आल्बर्टीची बाटली अजून कामाला येते. फक्त तासातासाला बोट टोचून साखर बघायला माणूस लागतो, आणि रात्रपाळीला तो मिळतोच असं नाही.