तळटीप : उभयचर युद्धनौकांवरील जंप जेट

लेखकाने येथे अमेरिकेच्या उभयचर युद्धनौकांना थेट विमानवाहू नौकांच्या पंक्तीत बसवले आहे. ते मान्य करता येत नाही. वास्प वर्गाच्या या जहाजांवर ना कॅटापल्ट, ना पुढे उचललेला स्की-जंप. हॅरियर जंप जेट सपाट डेकवरून धाव घेई, ठरलेल्या खुणेपाशी वैमानिक तरफ ओढून इंजिनाचे झोत खाली वळवी आणि पंख व झोत अशा दोहोंच्या बळावर विमान उचलले जाई. सरळ खाली उतरताना मात्र पंखांचा आधार नाही, सारा भार इंजिनावर. म्हणून उरलेले इंधन आणि न टाकलेले बाँब यांचे वजन काटेकोरपणे मोजावे लागे. उष्ण हवेत इंजिनाचा जोर घटतो, तेव्हा ही मर्यादा फारच जाचक ठरे.

यावर कोणी म्हणेल, २००३ च्या इराक युद्धात ‘बटान’ या जहाजावरून २० हून अधिक हॅरियर लढली, २०२२ मध्ये ‘ट्रिपोली’ या जहाजाने २० एफ-३५बी जंप जेट बाळगून दाखवली. आक्षेप वजनदार आहे. पण ही संख्या साधली ती मरीन सैनिकांच्या हेलिकॉप्टरांची जागा घेऊन, म्हणजे जहाजाचे मूळ काम मागे सारून. शिवाय कॅटापल्टअभावी दूरचा धोका टिपणारे हॉकआय विमान तेथून उडूच शकत नाही. ‘अमेरिका’ आणि ‘ट्रिपोली’ बांधताना विमानांच्या सोयीसाठी सैनिक किनाऱ्यावर नेणाऱ्या नावांची पाणगोदीच वगळली होती. त्याच ‘अमेरिका’ वर्गातल्या पुढच्या ‘बोगनव्हिल’मध्ये, विमानांची जागा कमी करून, पाणगोदी परत आणली गेली, माझ्या मते हाच सर्वांत बळकट पुरावा. — संपादक